डाव्या बाजूची खोली

आमच्या घरात ‘बोट’ हा शब्द निदान तीन अर्थांनी वापरला जातो. नार्व्याहून दिवाडीला नेणारी ती फेरीबोट. खनिज भरून मांडवीच्या पाण्यावरून मुरगावकडे जाणारी ती बार्ज, पण आई तिलाही बोटच म्हणते. आणि केवळ ‘बोट’ असे म्हणून बाबा जेव्हा क्षणभर थांबतात, तेव्हा ती पणजी-मुंबईची जुनी आगबोट असते. अलीकडे पणजीच्या पात्रात दिव्यांनी लखलखणाऱ्या जुगाराच्या नौका उभ्या राहिल्यापासून या शब्दाला चौथा अर्थही चिकटला आहे. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाने दुबईहून फोनवर “आई-बाबांना या वर्षी मोठ्या बोटीवर पाठवू या” असे सांगितले, तेव्हा शेजारच्या काकूंनी कुंपणावरूनच “या वयात कसिनोत?” असा प्रश्न विचारला. त्यांचा तरी काय दोष?

भावाने एक नव्हे, दोन बोटी सुचविल्या होत्या, आणि त्यांतून निवड करण्याचे काम माझ्याकडे सोपविले होते. मी शाळेत मराठी आणि भूगोल शिकवते, एवढीच माझी या विषयातील पात्रता. परंतु घरातल्या शिकवणाऱ्या माणसाकडे सगळे कागद येतात, तसे हेही आले.

प्रथम ज्यांच्यासाठी निवड करायची त्यांच्याविषयी सांगितले पाहिजे. माझे माहेर डिचोली तालुक्यातील पिळगावचे. बाबा १९७४ मध्ये, एकविसाव्या वर्षी, खनिजाच्या बार्जवर खलाशी म्हणून चढले आणि पुढे सुकाणू त्यांच्या हाती आले. सारमानसच्या धक्क्यावर लाल माती भरायची, भरती साधून मांडवीने खाली उतरायचे, पणजी मागे टाकून आग्वादपाशी खुल्या पाण्यात शिरायचे आणि मुरगावला परदेशी जहाजाच्या कुशीला बार्ज लावायची, हा त्यांचा नित्यक्रम. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूच्या बांधावर लाटा फुटू लागल्या की ती वाट बंद होई; मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरून मुरगाव गाठायचे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, आणि त्यांच्याबरोबर बाबाही थांबले. म्हणजे अडतीस वर्षे या माणसाने मोठी जहाजे पाहिली ती खालून. भरलेल्या बार्जची कड पाण्याला जवळजवळ टेकलेली असते. तिथून वर पाहिले की जहाज म्हणजे एक लोखंडी भिंत, आणि भिंतीच्या माथ्यावर कठड्याला टेकून खाली पाहणारे एखादे मस्तक. “वरून खालचे कसे दिसत असेल?” असे ते पूर्वी कधीतरी म्हणत. भावाने ते लहानपणी ऐकले होते आणि लक्षात ठेवले होते, हे मला यंदा कळले.

आई पेडण्यातील केरीची. समुद्राच्या गाजेत वाढलेली. पण तिच्या मते समुद्र पाहायचा असतो, त्यावर राहायचे नसते. तिला बोट लागते. शिवाय तिचा उजवा गुडघा गेली तीन वर्षे कुरकुरतो आहे.

आणि घाई एवढ्यासाठी की, बाबांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. हा आजार चोरपावलांनी येतो. डोळ्यातील दाब वाढून मागची मज्जा झिजत जाते. प्रथम कडेची दृष्टी जाते, मध्यातली पुष्कळ काळ टिकते, म्हणून माणसाला आपले काय हरवले आहे हेच उमगत नाही. थेंबांनी त्याची गती मंदावते. गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. बाबा सरळ पाहिले तर अजून दूरचे ओळखतात, पण ताटाशेजारी ठेवलेला पाण्याचा पेला हाताने सांडतो. डॉक्टरांनी काही मुदत सांगितली नाही. घरात त्याविषयी कोणी बोलतही नाही. पण भावाने “पुढच्या वर्षी” असे न म्हणता “या वर्षी” का म्हटले, ते आम्हा सर्वांना ठाऊक होते.

आता बोटींकडे वळू. पहिली ‘गेंटिंग ड्रीम’. जर्मनीतील पापेनबुर्गच्या मायर वेर्फ्ट या गोदीत २०१६ मध्ये बांधलेली. २०२२ पासून सिंगापूरहून पेनांग, फुकेत अशा बंदरांच्या फेऱ्या करणारी. लांबी सुमारे ३३५ मीटर, मजले अठरा, आकार सुमारे १,५०,७०० टन. दुसरी ‘एम्प्रेस’. ही फ्रान्समधील सां-नाझेर येथे बांधली गेली आणि १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने पाण्यावर आली. अनेक वर्षे परक्या समुद्रांत काढून ती भारतात आली आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून फिरू लागली. लांबी सुमारे २११ मीटर, आकार सुमारे ४८,५०० टन. मुंबईहून गोव्याला यायचे, मुरगावला दिवसभर थांबायचे आणि परत मुंबई, ही तिची एक फेरी.

हा ‘टन’ शब्द माझ्या वर्गातील मुलांना नेहमी फसवतो, आणि त्याने बाबांनाही फसवले. “दीड लाख टन वजन? पाण्यात राहील कशी?” ते म्हणाले. प्रवासी जहाजाच्या बाबतीत हे वजन नव्हे. ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाच्या बंदिस्त पोकळीचे माप. जुन्या पद्धतीत शंभर घनफुटांचा एक टन धरीत, आणि १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर ते एका सूत्राने काढू लागले. बाबांच्या बार्जचे टन म्हणजे तिच्यात मावणाऱ्या खनिजाचे वजन. या बोटींचे टन म्हणजे तिच्यात मावणारी हवा. हे सांगितल्यावर ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, “म्हणजे आमी माती व्हरताले, हे वारें व्हरतात!” आम्ही माती वाहायचो, हे वारा वाहतात.

याच मापाने पाहिले तर आपल्या डोळ्यांवरची एक झापड गळून पडते. ज्या ‘टायटॅनिक’चे नाव महाकाय या शब्दाला पर्याय होऊन बसले आहे, तिचा आकार ४६,३२८ टन होता. म्हणजे भावाच्या दृष्टीने जी ‘लहान’ बोट, ती टायटॅनिकहून किंचित मोठीच. लांबीने मात्र तिच्याहून अठ्ठावन्न मीटर आखूड. नव्या बोटी लांबीपेक्षा उंचीने वाढल्या आहेत. त्या जुन्या जहाजांसारख्या महासागर ओलांडण्याच्या घाईत नसतात. त्यांना खोल्या हव्या असतात आणि प्रत्येक खोलीला शक्य तर खिडकी.

मोठ्या बोटीची बाजू दुबळी नव्हती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. एका खोलीत दोघे असा हिशेब धरला तर ‘गेंटिंग ड्रीम’वर सुमारे तेहेतीसशे प्रवासी मावतात, ‘एम्प्रेस’वर सुमारे सोळाशे. आकाराला या संख्येने भागले की मोठ्या बोटीत दर माणशी पंचेचाळीस टन आणि लहानीत तीस टन जागा येते. गर्दीचा कंटाळा असलेल्या माणसाने हा भागाकार जरूर करावा. जाहिरातीतील छायाचित्रांहून तो अधिक खरे बोलतो. शाकाहारी आणि जैन भोजनाची तिथे व्यवस्था होती, त्यामुळे आईच्या सोमवारचा प्रश्न सुटत होता. त्यातून सिंगापूर! आईने नाही म्हटले तरी तिच्या डोळ्यांत एक चमक आलेली मी पाहिली. शिवाय मोठी बोट लाटांनी कमी हलते. लाटेच्या मानाने जहाज जितके लांब, तितके ते एका वेळी अनेक लाटांवर पेलले जाते. आईला बोट लागते, हे एकच कारण भावाला पुरेसे वाटत होते.

बोट का लागते? आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल राखणारे इंद्रिय असते. खोलीत बसलेल्या माणसाचे डोळे सांगतात, भिंती स्थिर आहेत. कान सांगतो, आपण हलतो आहोत. या दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळेनाशा झाल्या की मळमळ सुरू होते. म्हणूनच उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहिले की बरे वाटते, कारण मग डोळेही कानाशी सहमत होतात. आजकालच्या मोठ्या प्रवासी बोटींना पाण्याखाली दोन्ही कुशींवर माशाच्या कल्ल्यांसारखे पंख असतात. बोट एका बाजूला कलू लागली की ते आपला कोन बदलून तिला सावरतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खोली कोठे घ्यावी. मुले बाकाची फळी गोट्यावर ठेवून वरखाली करतात, तेव्हा टोके उसळतात आणि मधला भाग जवळजवळ जागच्या जागी राहतो. बोटीचेही तसेच. मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत शांत. सर्वांत वरची आणि अगदी नाळेजवळची सर्वांत चंचल. गंमत अशी की वरच्या खोल्या महाग असतात. म्हणजे ज्याला बोट लागते त्याने जास्त पैसे भरून जास्त हलावे, अशी ही योजना!

पण खरा मुद्दा ऋतूचा होता. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत आपला किनारा आणि डिसेंबर-जानेवारीतला आपला किनारा यांत तेवढेच अंतर आहे, जेवढे रागावलेल्या आणि झोपलेल्या माणसात. जुन्या आगबोटी पावसाळ्यात बंदच असत. ‘एम्प्रेस’देखील २०२३ च्या पावसाळ्यात या किनाऱ्यावर नव्हती, ती चेन्नईहून श्रीलंकेकडे जात होती. आम्हाला जायचे होते जानेवारीत. झोपलेल्या समुद्रावर २११ मीटर काय आणि ३३५ मीटर काय? बाबांना मी हे विचारले तेव्हा त्यांनी एका वाक्यात निकाल दिला: “बोट व्हड जाली म्हूण दर्या ल्हान जायना, आनी दर्या निदिल्लो आसल्यार होडेंय पुरो.” बोट मोठी झाली म्हणून समुद्र लहान होत नाही, आणि समुद्र निजलेला असेल तर होडीही पुरते.

उलट, लांबीची एक वेगळीच अडचण माझ्या लक्षात आली. आमच्या शाळेच्या क्रीडामहोत्सवात शंभर मीटरची शर्यत असते. तशा तीन शर्यती एकापुढे एक ठेवल्या तरी ‘गेंटिंग ड्रीम’चे एक टोक उरते. जेवणघर एका टोकाला, रंगमंदिर दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये आईचा गुडघा. उद्वाहन मजले चढविते, पण लांबी कोणी चढवून देत नाही. भाऊ म्हणाला, “चाकांची खुर्ची मिळते.” मिळते खरी, पण जी बाई अजून पहाटे उठून विहिरीवरून तुळशीला पाणी आणते तिला खुर्चीत बसवून सुट्टीचा आनंद देणे मला काही रुचेना.

आणखी एक गोष्ट कागदपत्रांची. सिंगापूरला जायचे तर पारपत्र हवे आणि व्हिसा हवा. बाबांचा जन्म १९५३ चा, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या आठ वर्षे आधीचा. जन्माच्या नोंदीत त्यांचे नाव आणि आडनाव पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने उतरले आहे. शाळेच्या दाखल्यावर दुसरे वळण, मतदार ओळखपत्रावर तिसरे. त्या पिढीच्या कितीतरी गोमंतकीयांची नावे अशी तीन-तीन पोशाख घालून हिंडत आहेत! ती एका ओळीत आणायची म्हणजे प्रतिज्ञापत्रे, जाहिरात, खेपा. तीन-चार महिन्यांत ते झाले असतेच असे नाही, आणि बाबांच्या बाबतीत महिने मोजण्याची आमची तयारी नव्हती. मुंबई-गोवा हा देशातलाच प्रवास. तिथे छायाचित्राचे एक ओळखपत्र पुरते.

आईच्या मनात मात्र यापेक्षा वेगळेच काही घोळत होते. एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता तिने विचारले, “आणि बुडाली तर?” तिच्या आईने तिला ‘रामदास’ बोटीची हकीकत लहानपणी सांगितली होती. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला एक महिनाही उरलेला नसताना, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वादळी लाटांत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणपट्टीतील एका पिढीने आपल्या लेकींना ती गोष्ट सांगूनच वाढविले आहे. आईचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मी तिला सांगितले की, टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाल्यावर १९१४ मध्ये समुद्रावरील जीविताच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि पुढे तो वेळोवेळी सुधारत गेला. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यालगत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून कलंडली, बत्तीस माणसे दगावली. काही प्रवाशांची तर संकटकालीन कवायतही झालेली नव्हती. त्यानंतर बोट निघण्यापूर्वीच, किंवा निघताक्षणी, ही कवायत घेतली जाऊ लागली. आपली जमण्याची जागा कोणती, जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे, घंटा कशी वाजते, हे प्रत्येकाने समजून घ्यायचे. “म्हणजे शाळेतल्यासारखी रांग,” आई म्हणाली. रांग म्हटल्यावर तिचे बरेचसे समाधान झाले. माझ्या मते तिला बोटीपेक्षा गोंधळाची भीती होती.

येथवर मी दोन बोटी तोलत होते. परंतु आमच्या घरात एक तिसरी बोटही होती, आणि ती दोहोंच्या मध्ये सारखी येत होती.

आई-बाबांचे लग्न १९७९ चे. लग्नानंतर ते मुंबईला गिरगावात राहणाऱ्या काकांच्या पाया पडायला गेले ते पणजीहून आगबोटीने. त्या मार्गावर तेव्हा ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ अशा दोन बोटी होत्या. बाबा म्हणतात, आपण ‘शक्ती’ने गेलो, आई म्हणते, ‘सेवक’ने. गेल्या चार तपांत या वादाचा निकाल लागलेला नाही आणि लागावा अशी दोघांचीही इच्छा दिसत नाही. तिकीट डेकचे होते. चटई पसरायची, उशाला पेटी घ्यायची, एका बाजूला कोणाचे आंब्यांचे करंडे, दुसऱ्या बाजूला भजन. वाटेतल्या बंदरांबाहेर बोट नांगर टाकी आणि काळोखातून कंदील हलवीत पडाव येत. त्यांतून माणसे, गाठोडी, कोंबड्या वर चढत. आईला बोट लागली ती आग्वाद ओलांडताच. रात्रभर ती कठड्याशी बसली होती, आणि बाबा तिला किनाऱ्यावरचे दिवे दाखवून दीपगृहांची नावे सांगत होते. वेंगुर्ल्याच्या खडकांवरचा दिवा, मालवण, देवगड, रत्नागिरी. प्रत्येक दीपगृहाच्या लुकलुकण्याचा ठेका ठरलेला असतो; दर्यावर्दी माणूस सेकंद मोजून ते कोणते हे ओळखतो. “एक, दोन, तीन असे ह्यांनी रात्रभर मोजले,” आई सांगते, “आणि मला वाटले, माणूस बरा आहे, फक्त मोजतो फार.”

ती आगबोट ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंद पडली. १९९४ मध्ये दमानियांची वेगवान नौका आली. तीही टिकली नाही. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि पेडण्यातही गाडी थांबू लागली. मग चोवीस तास चटईवर कोण बसतो? ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ नावाची प्रवासी बोट मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली, तीही पुढे थांबली. आणि आता तर पेडण्याच्या मोपा पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरतात. आमच्या वर्गाच्या खिडकीतून ती दिसतात, आणि माझा भूगोल दर तासाला निदान एकदा थांबतो.

कोणी म्हणेल, मग ‘एम्प्रेस’चे निमित्त करून तुम्ही जुनी आगबोटच शोधत होता. मला ते सर्वस्वी मान्य नाही. ‘एम्प्रेस’ ही काही गरिबांची वाहतूक नव्हे. तिच्यावर पोहण्याचा तलाव आहे, नाचगाणी आहेत आणि, शेजारच्या काकूंना सांगू नका, कसिनोही आहे. १९७९ ची चटई तिथे मिळणार नाही. पण पाणी तेच आहे. वाट तीच आहे. आणि सबंध जगात हिंडणाऱ्या मोठमोठ्या बोटींपैकी आम्हाला परवडेल, ओळखपत्रावर चढता येईल आणि जी मुरगाव बंदराच्या आत जाऊन धक्क्याला लागेल अशी हीच एक आमच्या समोर होती. बाबांनी अडतीस वर्षे ज्या धक्क्याकडे खालून पाहिले, तो त्यांना वरून पाहायचा तर सिंगापूरला जाऊन काय उपयोग?

भावाला हे पटवणे कठीण गेले. तो बाविसाव्या वर्षी घराबाहेर पडला. दोन वर्षांतून एकदा येतो. आई-बाबांना द्यायचे तर जगातले मोठ्यात मोठे द्यावे, असे त्याला वाटते. यात वावगे काय आहे? सिंगापूरला तो स्वतः चार दिवस येणार होता. त्याने फोनवर विचारले, “म्हणजे त्यांनी डिचोलीहून मुंबईला जायचे, आणि तिथून बोटीत बसून गोव्याला यायचे? लोक हसतील.” लोक हसलेच. पिळगावातील एका वृद्ध गृहस्थांनी बाबांना गंभीरपणे सुचविले की, त्यापेक्षा सरळ वास्कोची बस धरा, दोन तासांत मुरगाव.

अखेर बोलली ती आई. फोन तिने माझ्या हातून घेतला. ती म्हणाली, “हे बघ बाळा, तुझ्या मोठ्या बोटीवर मला काही झाले, तर मी परक्या मुलखात पडणार. या बोटीवर मला काही झाले, तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगावला लागते. मी उतरेन आणि घरी येऊन पेज खाईन. अशी बोट तुझ्या सिंगापुरात आहे का?” यावर माझा सारा भागाकार, पंख आणि टनेज निरुत्तर झाले. भाऊही काही वेळ गप्प राहिला. दोन दिवसांनी त्याने जानेवारीतील तारखेच्या खोल्या पाहिल्या, तेव्हा त्या दोन होत्या. दुसरी एकट्या माणसाची. कोणासाठी, हे आम्ही त्याला विचारले नाही.

खोली कोणती घ्यायची याविषयी तेवढा एकच प्रश्न उरला. मी मधली आणि खालच्या मजल्यावरची सांगितली. वर खिडकी हवीच, अशी पुस्ती जोडली. खिडकीविना असलेल्या आतल्या खोल्या स्वस्त असतात, आणि एरवी मी त्यांचीच शिफारस केली असती, कारण दिवसा खोलीत बसतो कोण? पण येथे हिशेब वेगळा होता. बाबांनी विचारले, “बाजू कोणती?” आरक्षण करणाऱ्या तरुणाने सांगितले की, दोन्ही बाजू सारख्याच आहेत. बाबांनी मान हलविली. मुंबईहून दक्षिणेला निघाले की पूर्व डाव्या हाताला येते. सगळा किनारा डावीकडे; जी काही दीपगृहे त्या अंतरावरून दिसतील ती डावीकडे; पहाटे मुरगावच्या उपसागरात शिरताना आग्वादही डावीकडे. आणि परतताना, बोटीचे तोंड उत्तरेला असताना, डावीकडे पश्चिम, म्हणजे मावळता सूर्य. “डावी,” ते म्हणाले. अडतीस वर्षांत कोणी त्यांना विचारून खोली दिली नव्हती.

काचबिंदूत काळोखातले पाहणे आधी कठीण होते. पण काळोखातला तीव्र दिवा, सरळ समोर असला तर, दिसतो. हे मी डॉक्टरांना विचारून घेतले आहे. बाबांना सांगितले नाही. ते हल्ली संध्याकाळी ओसरीवर बसून बोटांवर काही मोजत असतात, बहुधा ठेके.

आईनेही आपली तयारी चालविली आहे. आमसुले, आल्याची वडी आणि लिंबे यांची एक पिशवी वेगळी भरून ठेवली आहे. गोळ्या त्याहून वेगळ्या. त्याशिवाय स्वतःची परीक्षा घ्यावी असे तिच्या मनाने घेतले. प्रथम नार्व्याच्या फेरीबोटीने ती दिवाडीला जाऊन आली; पायी माणसाला तिकीट नाही, म्हणून लगेच पुन्हा एकदा जाऊन आली. बाबा म्हणाले, ही नदी, हिच्यावर मांजरालाही बोट लागत नाही. मग गेल्या रविवारी ती माझ्याकडे पेडण्याला राहायला आली असता आम्ही तिघे केरीला गेलो. तेरेखोलची नदी तिथे समुद्राला मिळते आणि भरतीच्या वेळी मुखाशी थोडी उसळी असते. फेरीबोट मध्यावर आली तशी ती हलकेच झोके घेऊ लागली. आईने एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताने पदर, आणि नजर क्षितिजावर लावली. मी सांगितले होते तसे. बाबा तिच्या पलीकडे उभे राहून नाळेकडे तोंड करून सांगत होते, ही डावी, ही उजवी. तेरेखोलचा धक्का लागला. आई उतरली नाही. “परत चला,” ती म्हणाली, “अजून काही होत नाही.”